रिकाम्या घोड्याची टाप

पडद्यावरचा घोडा पार दिसेनासा झाला की ते खांद्यावरचा टॉवेल काढत, माझ्या उजव्या हातावर टाकत आणि टॉवेलाखाली माझी बोटं धरत. तोंडाने काही बोलायचं नाही. दोन बोटं धरली तर पिक्चर बरा. तीन धरली तर पुन्हा लावायला हरकत नाही. चार धरली तर आठवडाभर दुसरा विषय निघणार नाही. पाच बोटं त्यांनी कुठल्याच पिक्चरला दिली नव्हती.

“पाचवं कुणासाठी राखून ठेवलंय, दाजी?” मी एकदा विचारलं.

“माल आल्यावर बघू,” ते म्हणाले.

तुम्ही गुरांच्या बाजारात कधी उभे राहिला असाल तर ही टॉवेलाची गंमत तुम्हाला ठाऊक असेल. भाव तोंडाने बोलायचा नाही. दोघांचे हात टॉवेलाखाली, चेहरे कोरे आणि बोटांनी बोटांशी बोलायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते दोन हातांनाच कळतं. दाजींनी काष्टीच्या बाजारात चाळीस वर्षं बैलांची दलाली अशी केली. मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. सरकारी कागदावर माझं पद जरा खालचं होतं, पण बाजाराने मला पहिल्या दिवसापासून डॉक्टर करून टाकलं आणि मीही ते नाकारलं नाही.

‘दाजी’ हे त्यांचं नाव नव्हे. त्यांची बायको काष्टीची. लग्नानंतर सहा महिन्यांसाठी म्हणून ते सासरी राहायला आले ते राहिलेच. सगळ्या गावाची बहीण दिलेली, म्हणून ते सगळ्या गावाचे दाजी. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही त्यांना दाजी म्हणायची आणि शेंबडी पोरंही. बायकोला सगळे आक्का म्हणत. आक्का एका वाक्यात दाजींचा निकाल लावायच्या. “ह्यांना बैल कळतो आन घोडा कळतो,” त्या म्हणायच्या, “मानूस न्हाई कळत.” हे खरं नव्हतं, पण ते मला फार उशिरा समजलं.

घोडा म्हणजे पिक्चरमधला घोडा. अमेरिकेतल्या काऊबॉयचे, शेरीफचे, धुळीच्या गावांचे आणि पिस्तुलांचे जे पिक्चर असतात, ज्यांना इंग्रजीत वेस्टर्न म्हणतात, त्यांना दाजी ‘घोड्याचा पिक्चर’ म्हणत. नगरला गेले की फुटपाथवरच्या जुन्या डीव्हीडी चाळून ते असे पिक्चर उचलून आणत. घरी पत्र्याची एक ट्रंक भरली होती. आक्कांच्या मते त्या ट्रंकेत धान्य राहिलं असतं तर उपयोग झाला असता.

एकदा एका बैलाचा दात बघून झाल्यावर त्यांनी मला सगळी वंशावळ ऐकवली. “पिक्चरलाबी जात असती, डाक्टर. खिल्लार येगळं, डांगी येगळं, तसं.”

पहिली जात मुकी. आवाज नाही, नुसते हातवारे. आगगाडी लुटायची आणि घोडे पिटाळायचे. मग आली गाणारी जात. “पांढरी टोपी, कापडावर धूळ न्हाई. गुरं राखाय चाललाय का नवरीकडं, काय कळत न्हाई.” या जातीला त्यांनी एका बोटाच्या वर कधी नेलं नाही. मग एकट्या फौजदाराची जात. गुंड गावाकडे निघालेत, सगळं गाव दारं लावून बसलंय आणि हा एकटा रस्त्यात उभा. “आपल्याकडं ग्रामसभेला बघा की. तेच.” मग हजारो गुरं महिनोन् महिने हाकत नेणाऱ्यांची जात. हे पिक्चर बघताना दाजींचं कथेकडे लक्षच नसायचं. गोळीबार चालू असताना ते मला कोपर मारायचे. “ती कडंची पांढरी गाय. मागचा डावा खूर. बघितला का?” मी दुसऱ्यांदा लावून बघितलं तेव्हा गाय खरंच लंगडत होती.

त्यांची आवडती जात संकरित. गोष्ट अमेरिकेची, करणारे इटलीचे आणि शूटिंग बरंचसं स्पेनच्या उजाड माळावर. “बी एकाचं, गोठा दुसऱ्याचा, रान तिसऱ्याचं. पन दूध बघा!” त्यातली दाढी वाढलेली माणसं पाच पाच मिनिटं नुसती एकमेकांकडे बघत उभी राहतात. मला त्याचा कंटाळा यायचा. दाजी म्हणाले, “तुमी सौदा कधी नीट बघितलाच न्हाई. तोंडावर काय दिसू द्यायचं न्हाई आन हात खाली तयार ठेवायचा. ह्ये समदं बाजारातलंच हाय. फकस्त टावेल न्हाई.” त्या दिवसापासून मला हे पिक्चर कंटाळवाणे वाटेनासे झाले.

आपल्या हिंदी डाकूपटांना ते या वंशावळीत शेवटी बसवत. घोडे तेच, माळ तोच, टोप्या काढून फेटे बांधले.

आणि एक जात त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. म्हाताऱ्याची. माळावर रेल्वे आलीय, मोटारी आल्यात, पिस्तुलवाला आता थकलाय आणि त्याला कुणी विचारत नाही. या जातीचा एक पिक्चर त्यांच्याकडे होता. त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं. “लोकं म्हनत्यात लई भारी हाय. येळ आली की बघू.”

एवढं सगळं एका दलालाला कुठून ठाऊक, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. तरुणपणी, लग्नाच्या आधी, दाजी एका टुरिंग टॉकीजमध्ये होते. जत्रेजत्रेतून तंबू ठोकायचा आणि पिक्चर दाखवायचा. मालकाला इंग्रजी घोड्याचे पिक्चर घासलेले, स्वस्तात मिळायचे. लोकांना भाषा कळायची नाही. मग पडद्याशेजारी माईक घेऊन एक माणूस उभा राहायचा आणि काय चाललंय ते सांगायचा. तो माणूस म्हणजे दाजी. त्यांना इंग्रजी किती यायचं? ‘यस’, ‘नो’ आणि ‘शूट’. बाकी सगळं ते चेहऱ्यावरून, चालीवरून आणि घोड्याच्या कानांवरून ओळखायचे.

मशीनचा आवाज बंद पडणं तर रोजचंच. त्यासाठी दाजींकडे नारळाच्या दोन करवंट्या आणि एक फळी असायची. पडद्यावर घोडा धावला की ते करवंट्या वाजवायचे. त्यांनी मला एकदा दवाखान्याच्या टेबलावर वाजवून दाखवलं. “ह्यो मानूस बसलेला घोडा. टाप दाबून पडती. आन ह्यो रिकामा.” दुसरा आवाज खरंच वेगळा होता, हलका आणि थोडा विस्कटलेला. मी त्यांना सांगितलं की खऱ्या सिनेमातही टापा बऱ्याचदा अशाच मागाहून, स्टुडिओत बसून वाजवतात, मी कुठेतरी वाचलंय. दाजींचा चेहरा एकदम उजळला. “म्हंजी तिकडंबी कुनीतरी माज्यासारका बसल्ला!” पुढचे दोन बाजार त्यांनी ही बातमी सगळ्यांना सांगितली.

सोनईकडच्या एका जत्रेतली गोष्ट मात्र त्यांनी एकदाच सांगितली. त्या पिक्चरमध्ये एका बाजूला निळ्या गणवेशातलं घोडदळ होतं आणि दुसऱ्या बाजूला डोक्यात पिसं लावलेले तिथले मूळचे लोक. पिक्चर करणाऱ्यांनी घोडदळाला चांगलं ठरवलं होतं. दाजींना ते पटेना. माईक त्यांच्या हातात होता. त्यांनी सरळ बाजू बदलली. “मंडळी, ही जमीन ह्या पिसंवाल्यांची हाय. हे निळे मागनं आल्यात आन ह्यांना हाकलाय बघत्यात.” तंबू पेटला. निळा पडला की शिट्ट्या, पिसंवाला पडला की हळहळ. पण शेवटी व्हायचं ते झालं. घोडदळ जिंकलं. लोक गप्प बसले आणि दाजींना ते सोसेना. ते माईकवर म्हणाले, “मागं सरल्यात. मेले न्हाईत. फुडच्या जत्रेला जिंकत्यात.”

पुढच्या वर्षी त्याच जत्रेत तंबू लागला. एक मेंढपाळ आला. बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन, मेंढरं भावावर टाकून, दोन दिवस चालत. “औंदा जिंकत्यात न्हवं ते पिसंवाले?” त्याने विचारलं. असा पिक्चर नव्हताच. दाजी काहीतरी सारवासारव करायला लागले. मेंढपाळाची आई नुसती बघत राहिली आणि म्हणाली, “मंग मेलेच का ते?”

“मला व्हय म्हनता आलं न्हाई, डाक्टर,” दाजी म्हणाले. “म्हातारी माज्या तोंडाकडं बघीत उभी. तवापासनं ठरवलं. जनावराची खोड आन पिक्चरचा शेवट, हाय तसा सांगायचा.”

खोडीच्या बाबतीत मी साक्षीदार आहे. बैल मारका असेल, पाय टाकत असेल, पाण्यात बसत असेल, तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आत दाजी सांगून मोकळे व्हायचे. त्यांच्यावर चिडून दुसरा दलाल बघणारे शेतकरी मी पाहिले आहेत. तेच शेतकरी बैल घ्यायची वेळ आली की दाजींकडे यायचे.

मी निवृत्त झालो त्या वर्षी दाजी बाजारात दोनदा खुंट्याला अडखळून पडले. मी त्यांना आणि आक्कांना नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब टाकून दाजींना बाहेर बसवलं होतं. आत बोलावलं मला, कारण मी शिकलेला दिसत होतो. काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा होता. “उजव्याची नजर वर्षभर टिकली तर नशीब समजा,” डॉक्टर म्हणाले. “गेलेली परत येत नाही. राहिलेली सांभाळायची. पेशंटला समजावून सांगा.”

मी बाहेर आलो. दाजी डोळे चोळत बाकावर बसले होते. आक्का माझ्याकडे बघत होत्या.

“काय म्हनला?” दाजींनी विचारलं.

मी घसा साफ केला. “काही नाही. थेंब टाकत राहायचे. आहे तसं राहील.”

असं बघा, जन्मभर मी मुक्या जनावरांना औषध दिलं. जनावर विचारत नाही. विचारणाऱ्याला सांगायची मला सवयच नव्हती, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. घरी गेल्यावर आक्कांना मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. आत्ताच नका सांगू.” मला तेवढं पुरेसं झालं.

परतताना गाडीत दाजी खिडकीला डोकं लावून बाहेरचं रान बघत होते. मांडवगणच्या पुढे आल्यावर म्हणाले, “डाक्टर, ट्रंकेतले समदे पिक्चर गावाला दाखवायचे. जातवार. येत्या शनवारपासनं.”

मला वाटलं, डोळे ठीक आहेत हे ऐकून खूश झालेत.

मग सुरू झालं. एका पोल्ट्रीवाल्याची शेड रिकामी पडली होती. दाजींनी ती मागून घेतली. खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या. शाळेतून प्रोजेक्टर आणला, लॅपटॉप माझा, माईक आणि स्पीकर लग्नातल्या मंडपवाल्याचा. शनिवारी दुपारी बाजार उठला की शो. प्रोजेक्टरच्या उजेडात कोंबड्यांची पिसं तरंगायची आणि वास तर विचारूच नका. पहिल्या शनिवारी साठ माणसं आली. दाजी पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसले, माईक घेतला आणि चाळीसेक वर्षांनी पुन्हा सांगायला लागले. मुक्या जातीपासून सुरुवात. आगगाडी लुटली तेव्हा करवंट्याही वाजवल्या.

एक नियम त्यांनी घालून दिला होता. शेवटी घोडा लांब लांब जात असतो ना, तो पार दिसेनासा होईपर्यंत लाइट लावायचा नाही, उठायचं नाही आणि सांगणाऱ्याने काही बोलायचं नाही. “जानाऱ्याला जाऊ द्यावं,” ते म्हणायचे.

गाणाऱ्या जातीला माणसं तीस झाली. फौजदाराच्या जातीला पंधरा. लोक म्हणायचे, “दाजी, मोबाईलवर दिसतंय की समदं.” दाजी म्हणायचे, “मोबाईल सांगतोय का तुला, गायीचा खूर गेलाय म्हनून?” एका शनिवारी वीज गेली, तर ते ट्रॅक्टरची बॅटरी आणि कुणाचा तरी इन्व्हर्टर घेऊन आले. एकदा ऊसतोडीच्या दिवसांत आक्का, मी आणि पोल्ट्रीवाला एवढेच होतो. मी म्हटलं, आज राहू द्या. दाजी माझ्यावर केवढ्यांदा ओरडले! “शनवार चुकवायचा न्हाई. एकबी.” त्यांचा असा आवाज मी बाजारातही ऐकला नव्हता. मला राग आला होता. म्हातारा हट्टाला पेटलाय, असं मी घरी बायकोला म्हणालो.

संकरित जातीच्या तिसऱ्या पिक्चरला ते माझ्या लक्षात आलं. हा पिक्चर दाजींना तोंडपाठ होता. ते सांगत होते, “आता बघा, उजवीकडनं टांगेवाला येतोय, त्याच्या हातात चाबूक.” पडद्यावर टांगा येऊन थांबला होता आणि माणूस केव्हाच उतरून आत गेला होता. दाजी मागे राहिले होते. ते पडद्याकडे बघत नव्हते, आठवणीतलं सांगत होते. मी मागे वळून बघितलं. बारा-तेरा माणसं होती, बाजारातली, एकमेकांची उणीदुणी काढण्यात जन्म गेलेली. एकाने तोंड उघडलं नाही. टांगेवाला दिसत नसताना सगळे टांगेवाल्याकडे बघत असल्यासारखे बसून राहिले.

बाजारात मात्र त्यांचं काही अडत नव्हतं. टॉवेलाखालचा सौदा डोळ्यांनी करायचा नसतोच. बैलाच्या पाठीवरून, वशिंडावरून, खुरावरून हात फिरवून ते आधीइतकंच नेमकं सांगायचे. दात बघायचे तेही बोटाने. लोकांना कळलं होतं, आक्कांना कळलं होतं, मला कळलं होतं. दाजी काही बोलत नव्हते आणि आम्हीही.

ट्रंक संपत आली. शेवटी उरला तो म्हाताऱ्याचा पिक्चर. त्या शनिवारी आक्का त्यांना हाताला धरून शेडमध्ये घेऊन आल्या. दाजींनी स्वतः त्या डीव्हीडीचं प्लॅस्टिक नखाने फाडलं. मग माईक माझ्या हातात दिला.

“ह्यो मी बघितलेला न्हाई. आज सांगायचं तुमी.”

मी कधी दवाखान्याच्या कार्यक्रमात दोन शब्द बोललो नाही. पण सांगितलं. जमेल तसं, इंग्रजी अर्धं कळत, अर्धं न कळत. म्हातारा पिस्तुलवाला आहे. डोळ्यांवर चष्मा आलाय. घोडाही म्हातारा आहे. गावात मोटार आलीय, पोरं त्याला हसतात. एका विधवा बाईच्या गुरांवर काहीजण टपलेत. म्हातारा म्हणतो, हे एक काम करतो आणि मग थांबतो. दाजी माझ्याशेजारी मान थोडी तिरकी करून ऐकत होते. मध्येच विचारत, “घोडा कसल्या रंगाचा?” मी सांगे. “कान कुठं हायत?” मी बघून सांगे.

आणि शेवट आला. म्हाताऱ्याने बाईची गुरं वाचवली, पण गोळी त्याला लागली होती. तो बैलगाडीच्या चाकाला टेकून बसला. हाताने घोड्याचा लगाम सोडला. मान खाली गेली. घोडा थोडा वेळ उभा राहिला आणि मग एकटाच माळावर चालू लागला.

मला सांगता येईना. मी दाजींकडे बघितलं. पडद्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांत पडत होता आणि त्यांना काही दिसत नव्हतं. मी घसा साफ केला.

“म्हातारा उठला,” मी माईकवर म्हणालो. “घोड्यावर बसला. निघाला.”

शेडमध्ये कुणी हललं नाही. नऊ माणसं पडद्यावरचा मेलेला म्हातारा बघत होती आणि मी त्याला घोड्यावर बसवत होतो. टापा वाजत राहिल्या, लांब गेल्या, थांबल्या. लाइट लागला.

दाजींनी टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला. माझं मनगट घट्ट धरलं. बोटं धरली नाहीत.

“घोडा रिकामा चाललाय, डाक्टर,” ते म्हणाले. “तिकडच्या करवंटीवाल्यानं बरुबर वाजवलंय. तुमीच चुकलात.”

मी माईक खाली ठेवला.

“नगरला डोळ्याचं सांगितलं तवाबी असाच घसा साफ केल्ता तुमी. मला त्याच वक्ताला कळलं हुतं. उगाच का शनवार शनवार करीत हुतो?”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वर्षभर मी त्यांना हट्टी म्हणत होतो. ते उरलेली नजर पुरवून वापरत होते.

“सांगा आता. काय झालं म्हाताऱ्याचं?”

“दाजी, लोकांना दिसलंय सगळं.”

“लोकांना दिसलंय. मला सांगा,” ते म्हणाले. “मला दिसत न्हाई.”

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. आक्का पदराने तोंड झाकून उभ्या होत्या. मी पुन्हा माईक घेतला, का ते माहीत नाही, आणि म्हणालो, “म्हातारा मेला, दाजी. चाकाला टेकून बसल्या बसल्या मेला. घोडा एकटाच गेला.”

“गुरं वाचली?”

“वाचली. सगळी.”

त्यांनी दोनदा मान हलवली. मग टॉवेलाखाली पिक्चरला चार बोटं दिली. आणि माझ्या सांगण्याला मूठ. म्हणजे काहीच नाही. “बाजारात हुबं करायच्या लायकीचं न्हाई,” ते म्हणाले आणि शेडमधली माणसं पहिल्यांदा हसली. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत दोनदा गाडी थांबवली.

त्यानंतर शनिवार थांबले नाहीत. दाजींनी ट्रंक पहिल्यापासून पुन्हा लावायला सांगितली. आता सांगायचं मी आणि ऐकायचं त्यांनी. शिकवणी कडक होती. “रस्ता, रस्ता म्हनू नका. रुंद हाय का चिंचोळा? बाया कुठं हायत? कुत्रं हाय का?” घसा साफ केला की टॉवेलाखाली चिमटा बसायचा. वर्षभरात मी मुठीवरून दोन बोटांवर आलो, आणि एका पावसाळी शनिवारी तीन बोटांवर.

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. पुन्हा नगर, पुन्हा दवाखाना, पुन्हा मला आत बोलावणं. बाहेर आलो तेव्हा आक्का दारातच होत्या. माझं तोंड बघून त्यांना कळलं. “तुमीच सांगा,” त्या म्हणाल्या. “ह्या खेपेला खरं सांगा. मला जमायचं न्हाई.”

दाजी कॉटवर उशीला टेकून बसले होते. माझी चाल त्यांनी ओळखली. “या. शेवट काय हाय?”

मी घसा साफ केला नाही. “पोटात गाठ आहे, दाजी. मोठी आहे. ऑपरेशन करण्यासारखी राहिलेली नाही. दोन महिने म्हणतात. फार तर तीन.”

“दुखंल का?”

“दुखेल. त्याला औषध आहे. पण दुखेल.”

खिडकीबाहेर कुणीतरी रिक्षा चालू करत होतं. ती चालू होऊन निघून जाईपर्यंत दाजी ऐकत राहिले. मग त्यांनी कॉटच्या दांडीवर चाचपडून टॉवेल ओढला आणि माझ्या हातावर टाकला. आधी चार बोटं धरली. थोडं थांबले. मग अंगठ्यासकट सगळा पंजा धरला आणि सोडलाच नाही.

मी रडलो. आडपडदा न ठेवता, त्यांच्या कॉटवर डोकं टेकून रडलो. ते म्हणाले, “आवरा आता. आज वार कोनता?”

“गुरुवार.”

“मंग दोनच दिस हायत. चला घरी.”

ते त्यानंतर पाच शनिवार आले. शेवटचे दोन टेम्पोत गादी टाकून. सहाव्या शनिवारच्या आधी, सकाळी आक्कांच्या हातचा चहा अर्धा घेतल्यावर, गेले.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी शेड उघडायला गेलो तर आक्का आधीच येऊन बसल्या होत्या. पुढच्या खुर्चीत, मांडीवर दाजींचा टॉवेल घेऊन. या बाईने चाळीस वर्षांत घोड्याच्या पिक्चरबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. “लावा,” त्या म्हणाल्या.

मी लावला. सांगितला. गुरं सांगितली, कुत्रं सांगितलं, रस्ता चिंचोळा आहे हेही सांगितलं. शेवटी घोडेस्वार माळावर निघाला तेव्हा माझा आवाज दगा देईल असं वाटलं, म्हणून मी चटकन ‘संपला’ म्हणालो आणि लाइट लावला.

आक्का उठून माझ्याजवळ आल्या. टॉवेल माझ्या हातावर टाकला. त्यांची बोटं राठ आणि थंडगार होती. दोन धरली.

“दोनच, आक्का?”

“घाई केली तुमी,” त्या म्हणाल्या. “त्यो अजून दिसत हुता. हे असते तर थांबले असते.”